आधी माप, मग मोल

बडोद्यात कॉलेजचे दिवस काढलेल्या एखाद्या गृहस्थाला त्या दिवसांविषयी विचारून पाहावे. प्रोफेसरांची नावे सांगताना तो थोडा अडखळेल, पण आपली सायकल त्याला न अडखळता आठवेल. तिचा रंग, तिची घंटी, मागच्या मडगार्डावरचा पोचा, ती कुणाकडून आपल्याकडे आली आणि आपल्याकडून कुणाकडे गेली, ही सारी वंशावळ तो सांगून टाकील. १८८१ साली सुरू झालेले बडोदा कॉलेज, १९४९ साली त्याला आपल्यात सामावून घेऊन उभे राहिलेले महाराजा सयाजीराव विद्यापीठ, त्याच्या पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता, यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. विद्यापीठाच्या सायकलस्टँडविषयी मात्र माझ्या वाचनात काही आलेले नाही. आणि आमच्या पिढीचे अर्धे शिक्षण तर तिथेच झाले!

१९६९ साली मी विज्ञान शाखेत नाव घातले. सकाळी दांडिया बाजारातून निघावे, रावपुऱ्यात दोघे मित्र मिळावेत, कोठीपाशी आणखी चौघे, विश्वामित्रीचा पूल ओलांडून काळ्या घोड्याशी येईपर्यंत वीस-पंचवीस सायकलींचा ताफा व्हावा, आणि कॉलेजचा तो भव्य घुमट दिसू लागताच कुणीतरी शर्यत पुकारावी, असा तो नित्यक्रम होता. पुढे स्कूटरी आल्या, मोटारसायकली आल्या, आणि सायकल ही दूधवाल्याची व पेपरवाल्याची वस्तू होऊन बसली. परंतु गेली काही वर्षे रविवारी पहाटे फिरायला निघावे तर एक वेगळेच दृश्य दिसते. बारीक चाकांच्या, मेंढ्याच्या शिंगांसारख्या वळलेल्या हँडलांच्या सायकलींवरून डोक्यावर हेल्मेट घातलेली कॉलेजची मुलेमुली हालोलच्या रस्त्याने पावागडाकडे निघालेली असतात. पन्नासएक किलोमीटर जायचे, चांपानेरच्या पडक्या वेशींपाशी चहा घ्यायचा आणि ऊन चढण्याच्या आत परत यायचे. पाहून समाधान वाटते.

त्या समाधानाच्या पोटातच एक काळजीही आहे. आजचा हा लेख तिच्यासाठी आहे.

वारशाची गाडी

आमच्या वेळची सायकल विकत घेतली जात नसे. ती वारशाने येई. आमच्या घरी वडिलांची चोवीस इंची गाडी होती. चोवीस इंची म्हणजे चाक नव्हे. सीटखालच्या उभ्या नळीची ती लांबी. चाके बावीस इंची गाडीलाही अठ्ठावीसच असत. ही गाडी वडिलांकडून थोरल्या भावाकडे, त्याच्याकडून माझ्याकडे आणि माझ्याकडून धाकट्याकडे गेली. गाडी वारशाने मिळे, पाय मात्र ज्याचे त्याचे. धाकटा भाऊ चणीने लहान. त्याचा पाय खालच्या पायडलापर्यंत पोहोचत नसे आणि तो सीटवर डावी-उजवीकडे झोके घेत गाडी हाकी.

रावपुऱ्यात त्या वेळी एक मिस्त्री होता. शिक्षण बेताचे, पण हात विद्वान. कुणीही गाडी घेऊन गेले आणि 'सीट वर कर' किंवा 'हँडल खाली घे' असे सांगू लागले, की तो पान्याचे टोक वर करून म्हणे, "माप लो, पछी वात करो." मग गाडी भिंतीला टेकवायची, मालकाला वर बसवायचे, पायडल खाली न्यायचे आणि टाच त्यावर ठेवायला सांगायचे. टाच टेकलेली असताना पाय सरळ झाला पाहिजे, गुडघ्यात वाक राहता कामा नये आणि कंबर एका बाजूला कलंडता कामा नये, ही त्याची परीक्षा. पायाचा चवडा पायडलावर आला की गुडघ्यात हवा तेवढा वाक आपोआप येतो. आज मोठमोठ्या शहरांत संगणक आणि कॅमेरे लावून सायकलस्वाराचे माप घेणारे तज्ज्ञ आहेत. पण सीटच्या उंचीचा अंदाज घेण्याची ही टाचेची रीत अजूनही जगभर सांगितली जाते.

धाकट्या भावाची टाच पोहोचेना, तेव्हा मिस्त्रीने सीट शेवटच्या खाचेपर्यंत खाली आणली, आणि तरीही भागेना तेव्हा वडिलांना स्वच्छ सांगितले, की पोराला बावीस इंची पाहा. वडिलांनी पाहिली. बोहारणीला भांड्यांवर कपडे द्यावेत तशी वर थोडे पैसे घालून गाडीची अदलाबदल झाली आणि प्रश्न मिटला. आपले गाव जुम्मादादांच्या आखाड्याचे. नव्या पोराच्या हाती पहिल्याच दिवशी पहिलवानाची जोडी कुणी देत नाही, हे इथे वेगळे सांगावे लागत नसे.

तीन ठिकाणी वाटलेला भार

मग आताच काळजी का, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर गाडीच्या घडणीत आहे. आमची काळी सायकल म्हणजे मोठी क्षमाशील वस्तू. हँडल उंच आणि जवळ, सीटला जाड स्प्रिंगा, टायर दीड इंच रुंद. माणूस ताठ बसे आणि त्याचा बहुतेक भार सीटवर पडे. माप दोन इंच चुकले तरी कॉलेजपर्यंतच्या अर्ध्या तासात काही बिघडत नसे.

शर्यतीच्या घाटाच्या या नव्या गाड्यांचे तसे नाही. इथे स्वार पुढे वाकतो. कारण वेग वाढला की सर्वांत मोठा शत्रू वारा. सपाट रस्त्यावर वेग दुप्पट केला तर वाऱ्याचा रोध चौपट होतो, आणि त्याला तोडायला आठपट जोर लागतो. म्हणून शरीर लहान करायचे, पाठ खाली न्यायची. परंतु पाठ खाली गेली की भार एका सीटवर राहत नाही. तो सीट, पायडल आणि हँडल अशा तिघांत वाटला जातो. तिपाईचा एक पाय आखूड झाला तर काय होते ते आपण जाणतोच. सीट फार उंच असेल तर कंबर हलते आणि गुडघ्यामागे दुखते. फार खाली असेल तर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला. हँडल फार लांब असेल तर मान, खांदे आणि हात यांवर संक्रांत येते.

गुडघ्याचे दुखणे माणसाला चटकन कळते, हाताचे मात्र फसवे असते. तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूने, मनगटाच्या बुडाशी एका अरुंद वाटेतून एक मज्जातंतू जातो. फेलिक्स ग्वियों नावाच्या फ्रेंच शल्यवैद्याने १८६१ साली त्या वाटेचे वर्णन केले, म्हणून ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. करंगळीला आणि अनामिकेच्या अर्ध्या भागाला जाणीव देणारा हाच तंतू. तासन्‌तास तळहातावर भार टाकून बसले की तो दाबला जातो आणि ही दोन बोटे बधिर होतात. आरंभी मुंग्या येतात, हात झटकला की जातात. दुर्लक्ष केले तर मुंग्या राहतात आणि बोटांतला जोर जातो. सायकलवाल्यांना हा विकार इतका परिचयाचा आहे की इंग्रजीत त्याला हँडलच्याच नावाने ओळखतात.

अनामिकेचा प्रश्न

हे सारे मला पुस्तकातून कळले असते तर मी लेख लिहायला बसलो नसतो. ते घरात घडले.

माझ्या धाकट्या भावाची नात सुरसागराकाठच्या परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टीत तबला शिकते. १८८६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी जी गायनशाळा सुरू केली, तिचाच हा आजचा अवतार. मुलगी मेहनती. त्याचबरोबर तिला रविवारच्या सायकलमंडळींचा नाद लागला. वसतिगृह सोडून जाणाऱ्या एका विद्यार्थ्याची शर्यतीची सायकल तिने साठवलेल्या पैशांतून विकत घेतली. गाडी देखणी, गिअर उत्तम, वजनाला इतकी हलकी की मी या वयातही एका हाताने उचलली. घरात कौतुक झाले. मीही केले.

दीड महिन्याने ती एका सोमवारी माझ्याकडे आली आणि उजवा हात पुढे करून म्हणाली, "आजोबा, हे दोन बोटांना काही कळतच नाही हो. काल सायकलवरून आल्यापासून."

"पहिल्यांदाच झालं का गं?"

"नाही. आधी घरी येईपर्यंत बरं व्हायचं. आता क्लासला बसले तरी राहतं. गुरुजींनी 'ना' वाजवायला सांगितला तर अनामिका टेकली आहे की नाही, तेच मला समजेना."

ज्यांना तबल्याची जाण आहे त्यांना यातले गांभीर्य सांगावयास नको. 'ना' वाजवताना तर्जनीने किनारीवर आघात करायचा आणि अनामिका शाईच्या कडेला हलकेच टेकवून ठेवायची. ती किंचित जास्त दाबली गेली तर नाद मरतो, सुटली तर नाद पसरतो. बोलाचे सौंदर्य त्या न वाजणाऱ्या बोटावर अवलंबून असते. आणि हिचे नेमके तेच बोट मुके झाले होते. प्रात्यक्षिक परीक्षेला अडीच महिने राहिले होते.

डॉक्टरांनी तपासून सांगितले की तंतू दाबला गेला आहे. वेळीच आलात, तीन आठवडे सायकल बंद ठेवा, बरे होईल. पण त्याच गाडीवर तसेच बसलात तर पुन्हा होईल, आणि वारंवार झाले तर बरे होण्याची हमी नाही. घरात निकाल तत्काळ लागला. तिचे वडील म्हणाले, सायकल विकून टाका. आजी म्हणाली, मुलीच्या जातीला कशाला हव्यात शर्यती. मुलगी काही बोलली नाही, पण रविवारी पहाटे ती उठून गच्चीवर बसली आणि हालोलच्या रस्त्याने जाणारे मित्र मोबाइलवर पाहत राहिली. मला ते पाहवले नाही. तबला सोडायचा नाही हे ठरलेलेच होते. पण म्हणून दुसरे सोडलेच पाहिजे काय? मी भावाला म्हटले, "गाडी विकण्याआधी तिचे माप तर घेऊ."

पुस्तक, भिंत आणि ओळंबा

माप घेण्यास काय लागते? एक भिंत, एक पुठ्ठ्याच्या बांधणीचे पुस्तक, पेन्सिल, मोजपट्टी आणि गवंड्याचा ओळंबा. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहावे, पुस्तक दोन पायांच्या मध्ये सीटसारखे वर घट्ट धरावे, त्याचा वरचा काठ जिथे भिंतीला लागतो तिथे खूण करावी. जमिनीपासून खुणेपर्यंतचे अंतर हे पायाचे खरे माप. पॅन्टच्या शिवणीवरून ते काढू नये. आमच्या मुलीचे ते भरले ७४ सेंटीमीटर.

आता सीटची उंची. हे माप काढण्याची दोन गणिते प्रसिद्ध आहेत. १९६७ साली इंग्लंडात हॅम्ली आणि टॉमस या दोघांनी प्रयोगान्ती सांगितले, की पायाच्या मापाच्या १०९ टक्के अंतर खालच्या पायडलाच्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंत असावे. पुढे फ्रान्समधील शर्यतीच्या गोटात ०.८८३ ने गुणण्याची रीत आली आणि अमेरिकन स्वार ग्रेग लेमाँड याच्यामुळे ती सर्वतोमुखी झाली. तिच्यात अंतर पायडलापासून न मोजता क्रँक ज्या आसावर फिरते त्याच्या मध्यापासून मोजतात. आमच्या मुलीसाठी दुसऱ्या रीतीने उत्तर आले ६५.३ सेंटीमीटर. पहिल्या रीतीने ८०.७, आणि त्यातून १७ सेंटीमीटरची क्रँक वजा केली तर ६३.७. म्हणजे दोन शहाण्यांत दीड सेंटीमीटरचा मतभेद! यावरून एवढेच घ्यावे, की गणित आरंभाची जागा दाखवते. शेवट टाचेच्या परीक्षेने आणि स्वाराच्या अनुभवाने करावा. आम्ही ६४.५ वर थांबलो. गुडघा, कंबर, सर्व ठीक.

मग ओळंबा. क्रँक जमिनीशी समांतर ठेवून पुढच्या गुडघ्याच्या वाटीखालून ओळंबा सोडला तर तो पायडलाच्या आसावर पडावा, असे जुने शास्त्र. कीथ बाँट्रॅगर या सायकलकारागिराने त्यावर लेख लिहून ते खोडून काढले. त्याचे म्हणणे असे, की गुडघा कुठे येतो याला पायडल मारण्याच्या क्रियेत गुरुत्वाकर्षणामुळे काही विशेष अर्थ येत नाही. उताणे बसून चालवायच्या सायकलीही असतातच. सीट मागेपुढे करताना पाहायचे ते शरीराचा तोल. मला त्याचे म्हणणे पटते. तरी ओळंबा आमच्या उपयोगी पडला, कारण त्याने लबाडी उघड केली. ओळंबा पायडलाच्या आसापुढे चांगला तीन बोटे पडला! म्हणजे हँडलपर्यंत हात पोहोचावा म्हणून कुणीतरी सीट रुळावरून जाईल तेवढी पुढे ढकललेली होती, आणि तिचे नाकही खाली झुकवलेले होते. त्यामुळे पोर दर क्षणाला पुढे घसरत होती आणि हातांनी स्वतःला मागे रेटत होती. अनामिकेवरचा भार येत होता तो इथून.

सीट मागे घेऊन सपाट केली. लगेच हँडल हातभर दूर गेले. हँडलाला धरणारा जो आखूड दांडा असतो त्याला स्टेम म्हणतात. तो ११ सेंटीमीटरचा होता. आठाचा लावून पाहिला. थोडे भागले. हँडलची रुंदी ४४ सेंटीमीटर, मुलीचे खांदे ३८; हात पसरलेले राहत. तेही बदलता आले असते. असे एकेक करून सारे बदलता येईल आणि गाडी घरात राहील, अशी मुलीला आशा वाटू लागली होती.

तेव्हा मी शेवटचे माप घेतले, जे खरे पाहता सर्वांत आधी घ्यावयाचे असते. गाडी सरळ उभी करून वरच्या आडव्या नळीची जमिनीपासूनची उंची मोजली. ती भरली ८० सेंटीमीटर. मुलीचे पाय ७४. म्हणजे सिग्नलला सीटवरून उतरून दोन्ही पाय टेकवून उभे राहणे तिला शक्यच नव्हते. दर वेळी गाडी कलती करून एका पायावर तोल सावरावा लागे. ही गाडी ५६ मापाची, साडेपाच फुटांहून चांगल्या उंच पुरुषाची. आमची मुलगी पाच फूट तीन इंच. स्टेम बदलून हात जवळ येतील, पण कोणताही पाना लावून नळी खाली येत नाही.

गिअर की माप?

यानंतरचा वाद हाच खरा वाद. गाडी विकायची यावर आता मुलीचे वडील आणि मी एकाच बाजूला आलो होतो, फक्त कारणे वेगळी होती. ती विकून तेवढ्याच पैशांत ४९ मापाची जी गाडी मिळत होती ती साधी होती. गिअर दोन पायऱ्या खालच्या दर्जाचे, वजन दीड-दोन किलोने जास्त, रंगही डोळ्यांत न भरणारा.

"आजोबा, तुम्ही ह्या गाडीचे गिअर तर बघा! असे परत मला कधी घेता येतील?"

"गिअर चांगलेच आहेत गं. पण ते तुझ्या बोटांना कळतात का?"

ती रागावली. तिच्या रागात तथ्य होते. कॉलेजच्या वयात आपल्या टोळीत आपली वस्तू कशी दिसते याला मोल असते, आणि ते क्षुल्लक मानणारी वडीलधारी माणसे आपले तरुणपण विसरलेली असतात. मी वाद घातला नाही. फक्त तिला तिचाच तबला आणायला सांगितले आणि विचारले, की तुला एखाद्या नामवंताचा, उत्तम लाकडाचा, पण तुझ्या गायकाच्या पट्टीत न लागणारा तबला दिला, तर तू त्यावर साथ करशील काय? ती म्हणाली, "तो कितीही चांगला असला तरी काय उपयोग?" आणि मग स्वतःच गप्प झाली. दोन दिवसांनी तिने गाडी एका उंच मुलाला दाखवली. त्याला ती अंगरख्यासारखी बसली.

नवी गाडी आली तेव्हा तिची वरची नळी उतरती होती. उभे राहिले की दोन बोटे जागा उरे. स्टेम ८ सेंटीमीटरचा, हँडल ३८ चे, त्याच्यावर जाड फीत दुहेरी गुंडाळलेली, हातमोजे आतून मऊ. टायरही बदलले. पूर्वी शर्यतवाले २३ मिलिमीटर रुंदीचे टायर दगडासारखे हवा भरून वापरीत. आता मोठमोठ्या शर्यतींतले स्वारही २८ किंवा त्याहून रुंद टायर कमी हवेत वापरतात. कारण खडबडीत रस्त्यावर घट्ट टायर उसळतो आणि तो प्रत्येक धक्का हातात येतो. आपल्या रस्त्यांना तर हे अधिकच लागू. आम्ही ३२ चे टाकले. टायर घेताना मात्र एक ध्यानात ठेवावे. आपल्या जुन्या काळ्या सायकलचे चाक आणि या गाड्यांचे चाक ही दोन्ही बोलण्यात अठ्ठावीस इंचीच म्हणवतात. पण जिथे टायर बसतो तो व्यास जुन्या चाकाचा ६३५ मिलिमीटर आणि नव्याचा ६२२. एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही. दुकानात इंच न सांगता टायरच्या कडेवर छापलेले मिलिमीटर सांगावेत.

तीन आठवड्यांनी तिने दहा किलोमीटरपासून पुन्हा सुरुवात केली. दर दहा मिनिटांनी हाताची पकड बदलायची, कोपर किंचित वाकलेले ठेवायचे, मनगट मोडायचे नाही, असा तिला नेम घालून दिला. डॉक्टरांनी पुन्हा तपासले आणि बोटे पूर्ववत झाल्याचे सांगितले. परीक्षा झाली. गुरुजींनी 'ना' विषयी काही म्हटले नाही, आणि त्यांच्या बाबतीत ती शाबासकीच समजायची असते.

थोडे घरच्यांसाठी

सायकल हा आपल्याकडे गरजेचा आणि काटकसरीचा विषय राहिला, हौसेचा फार थोड्यांचा. सोनिपतला १९५१ साली अ‍ॅटलस, लुधियान्याला १९५६ साली हीरो, असे कारखाने निघाले आणि देशभर एकाच घाटाच्या लक्षावधी काळ्या गाड्या गेल्या. अ‍ॅटलसचा साहिबाबादचा शेवटचा कारखाना २०२० साली ३ जून रोजी बंद पडला, आणि तो दिवस नेमका जागतिक सायकलदिन होता! एका घाटाच्या गाडीचे युग सरले आणि निवडीचे युग आले. निवड आली की माप आले.

ही हौस पोरकट आहे असे मानणाऱ्यांसाठी दोन गोष्टी सांगतो. २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची, सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या चमूने पुरी केली. २०१७ साली नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने बारा दिवसांच्या मुदतीत संपवली. एवढ्या अंतरावर सीट अर्धा सेंटीमीटर चुकलेली असेल तर तिचा हिशेब शरीर चुकते करून घेतेच.

आई-वडिलांनी आणि आजी-आजोबांनी एवढे करावे. मुलाने किंवा मुलीने सायकल मागितली तर आधी किंमत विचारू नये, पायाचे माप घ्यावे. मैत्रिणीने घेतली म्हणून, सूट मिळाली म्हणून, किंवा वसतिगृह सोडणारा कुणी स्वस्तात देतो म्हणून मोठ्या मापाची गाडी घेऊ नये; 'वाढत्या अंगाची' हे शाळेच्या गणवेशाला ठीक आहे. 'मुलींची' म्हणून वेगळी रंगवलेली गाडीच हवी असेही नाही. काही मोठ्या कारखान्यांनी स्त्रियांसाठी निराळी चौकट करणे अलीकडे सोडूनच दिले, कारण माणसामाणसांतला फरक स्त्री-पुरुष फरकाहून मोठा निघाला. गाडीवर बसवून पाहावे, वरच्या नळीवर दोन बोटे जागा आहे का ते पाहावे, आणि उरलेल्या पैशांत प्रथम हेल्मेट घ्यावे. व्यावसायिक शर्यतवाल्यांनीही हेल्मेट फार काळ टाळले. २००३ साली पॅरिस-नीस शर्यतीत आंद्रेय किविलेव्ह हा स्वार पडून दगावला, तेव्हा कुठे ते सक्तीचे झाले. आपण कुणाच्या पडण्याची वाट पाहू नये.

आणि मुलांनो, तुम्हांला एकच. बोटांना मुंग्या आल्या, गुडघा बोलू लागला, मान धरली, तर ते सोसण्यात पराक्रम नाही. गाडी तुमच्याशी काही सांगू पाहत असते. रावपुऱ्यातला तो मिस्त्री आता नाही, त्याचे दुकानही नाही. परंतु त्याचे पाच शब्द कोणत्याही भिंतीशी, कोणतेही जाड पुस्तक घेऊन, दहा मिनिटांत पाळता येतात. गाडी घ्यायला निघण्याआधी ती दहा मिनिटे जरूर काढा.